धवळारणीचं पोट

आमच्या घरात चूल माझी, पोट जाऊबाईचं आणि न्यायनिवाडा गावदेवीचा. त्या एका वर्षात या तिन्हींच्या मध्ये माझा पार भुगा झाला. लोक अजून विचारतात, "हौसा, गोदूबाईला नक्की झालं काय होतं गो?" सांगते की! पण एक अट आहे. अर्ध्यात उठायचं नाही. अर्ध्यात उठण्यावरूनच तर सगळं रामायण झालं.

गोदूबाई माझी थोरली जाऊ. कल्याणच्या खाडीकाठी आमचं आगरी गाव. पुरुष पावसाळ्यात भातशेतीत आणि उन्हाळ्यात मिठागरात. डोंबिवलीला ठेसन नुकतंच झालं होतं आणि आगीनगाडीची शिट्टी ऐकून आमच्या कोंबड्या अजून बिचकायच्या, तेव्हाची ही गोष्ट. गोदूबाई धवळारीण होती. आमच्यात लग्न लागायचं तर धवळारीण लागतेच. मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक काढून ती बसते आणि धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, धरते. गावदेवीपासून खाडीतल्या देवांपर्यंत एकेकाला नावानं हाक मारून लग्नाला बोलावते. ती एक ओळ म्हणते, बाकीच्या बायका मागून तीच झेलतात. आणि एकदा धवला धरला की संपेपर्यंत धवळारणीनं जागचं हलायचं नाही. धवला तुटला तर संसार तुटतो, अशी आमच्याकडं समजूत.

जाऊबाईचा गळा म्हणजे काय सांगू! आमच्या काठाला बसून गायली तर खाडीपलीकडची माणसं हातातलं काम टाकून ऐकत उभी राहायची. पाच गावांत तिच्याशिवाय मांडव पडत नव्हता. मी तिच्या डाव्या हाताला बसून ओळ झेलायची. म्हणजे घरीही मी, मांडवातही मीच.

तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर दामाजी भाऊजी, तसा अबोल माणूस. मिठागरात दिवसभर फावडं ओढायचं आणि संध्याकाळी ओटीवर गप्प बसायचं. पण एकदा कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की गाणाऱ्या माणसाच्या गळ्याला दूध लागतं. झालं! आमच्या मासे-भाताच्या घरात भाऊजींनी म्हैस आणून बांधली. तेव्हापासून रोज संध्याकाळी हळद घातलेलं तांब्याभर गरम दूध बायकोपुढं. लग्न असलं तर आणखी थाट. गाव कितीही लांब असो, भाऊजी उन्हातान्हात चालत यायचे, धवला धरण्याआधी मांडवाच्या कडेला झाकणाचा पितळी तांब्या घेऊन उभे राहायचे. जाऊबाई दूध प्यायची, त्यांच्याकडं बघून हसायची आणि मग गायला बसायची. मांडवातल्या बायका एकमेकींना कोपरं मारायच्या. "नवरा असावा तर असा! नायतर आमचे, पाणी मागितलं तर विहीर दाखवतात." आमचे हे, म्हणजे काळुराम, त्यातलेच, म्हणून मी मान खाली घालायची.

तर हळूहळू जाऊबाईचं पोट बिघडायला लागलं. आधी नुसतं गुरगुरायचं. मांडवात वाजंत्री असल्यामुळं ते खपून जायचं. मग पोट फुगायला लागलं. मग ढेकर. एका हळदीला तिनं गावदेवीचं नाव घेतलं आणि पाठोपाठ असा ढेकर दिला की मागच्या बायकांनी तोही झेलायला तोंड उघडलं होतं. मी वेळेवर चिमटे काढले म्हणून बरं.

आणि मग आमच्या आळीतल्या आनंदाच्या मुलाचं लग्न आलं. धवला रंगात आला होता, अर्धे देव येऊन बसले होते, अर्धे वाटेत होते. जाऊबाईचा आवाज एकदम बारीक झाला. तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे बघूनच मी ओळखलं. दुसऱ्या क्षणाला ती पदर खोचून उठली आणि दिसला तो तांब्या उचलून बांधाकडं धावली. मांडवात चिडीचूप. धवला तुटला! मुलीकडच्या म्हाताऱ्या छाती पिटायला लागल्या. तेवढ्यात पलीकडच्या आळीतली मंजुळा पुढं सरली, जाऊबाईच्या पाटावर बसली आणि तिनं उरलेले देव आणले. मंजुळाचा आवाज म्हणजे रहाटाला तेल नसावं तसा, पण ती उठली नाही, एवढं खरं.

त्या दिवसापासून मंजुळाला बोलावणी यायला लागली. आमच्या ओटीवर कुणी फिरकेना. शेवटी खाडीपलीकडचा नामा पाटील आला. त्याच्या मुलीचं लग्न माघात ठरलं होतं. "गोदूबाय," तो म्हणाला, "माझ्या स्वतःच्या लग्नात तुझ्या सासूनं धवला धरला होता, म्हणून आधी तुझ्या दारात आलो. पण माझ्या पोरीचा धवला तुटलेला मना चालणार नाय. आलीस तर शेवटपर्यंत बसायचं. उठलीस तर मग पाचही गावांत मंजुळा. वाईट वाटून घेऊ नको."

तो गेल्यावर जाऊबाई माजघरात जाऊन रडली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. "हौसा, गाणं गेलं तर मी काय करू गो? मना दुसरं काय येतं?" खरंच तिला दुसरं काही येत नव्हतं. साधी भाकरी थापली तरी ती गलबतासारखी व्हायची. मला भडभडून आलं. म्हटलं, चल, कल्याणला वैद्यांकडं जाऊ.

प्रभाकरशास्त्री वैद्य भला माणूस. नाडी बघितली, जीभ बघितली, काय काय खातेस विचारलं. जाऊबाई सांगायला लागली तसे त्यांचे डोळे मोठे होत गेले. मग म्हणाले, "बाई, यातलं एक काहीतरी तुम्हाला बाधतंय. कोणतं ते मी इथं बसून सांगू शकत नाही. एकेक जिन्नस बंद करून बघा. आठवडाभरात फरक पडला तर चोर सापडला. नाही पडला तर तो जिन्नस पुन्हा खा आणि दुसरा बंद करा. तोवर दूध-भात आहेच. दूध हलकं."

किती सोपं सांगितलं होतं! पण आमची जाऊबाई खाण्याच्या बाबतीत स्वतःवर विश्वास ठेवणारी नव्हती. म्हणाली, "मी नुसतं ठरवलं तर संध्याकाळपर्यंत टिकणार नाय. देवीसमोर सोडते. देवीला घाबरून तरी तोंड बंद राहील." आमच्यात काही सोडायचं तर गावदेवीसमोर नारळ ठेवून सोडतात, आणि सोडायची ती आपल्या आवडीची वस्तू. गेलो देवळात. जाऊबाईनं डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाली, "आई, मी कारलं सोडलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "कारलं? अगं, जन्मात कधी कारलं खाल्लंस? पानात वाढलं की मांजराला घालतेस. मांजरही खात नाय!"

"सुरुवात तर करू दे," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला तिनं शेपू सोडली. तीही ती खात नव्हती. मग मी तिला हाताला धरून देवळात नेलं आणि वाल सोडायला लावले. वाल म्हणजे तिचा जीव की प्राण. बाहेर आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. फरक? काही नाही. पोट होतं तिथंच, उलट चार बोटं पुढंच. वैद्यांच्या हिशेबानं आता वाल खायला हवे होते. पण देवीला दिलेलं परत कसं घ्यायचं? कौल लावायला लागला. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालून वाट बघत बसायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी दोन्ही कळ्या जाम हलेनात. दुपारपर्यंत आम्ही दोघी देवीच्या तोंडाकडं बघत बसलो, घरी भात करपला. शेवटी उजवी पडली. वाल आले, वांगं गेलं. वांगं आलं, सुकट गेली. सुकट आली आणि बोंबील गेले. बोंबलांच्या वेळी कौल लावला तर डावी कळी पडली. पुन्हा लावला, पुन्हा डावी. तिसऱ्यांदाही डावीच. देवी बोंबील काही परत देईना.

आणि या सगळ्यात माझे हाल कुत्रा खाईना. रोज काय शिजवायचं ते देवळातून ठरायचं. एकीसाठी वेगळं रांधायला मला वेळ कुठला? म्हणून जे तिचं बंद ते सगळ्यांचं बंद. आमचे हे एकदा पानावर बसून म्हणाले, "वहिनीनं पुढच्या खेपेला नुसती हवा सोडावी, म्हणजे सगळं घर सुटेल." मी कालथा उचलला तेव्हा गप्प बसले.

आळीतल्या बायका तर रोज चौकशीला. प्रत्येकीचा सल्ला वेगळा, पण शेवट एकच. "काय नाय गो, त्यापेक्षा दूध घे तांब्याभर. पोटाला थंडावा." भाऊजी हे ऐकायचे आणि तांब्या आणखी भरायचे. एका तांब्याचे दोन झाले. जाऊबाई बिचारी दूध-भातावर आली होती, गालफडं बसली होती, आणि पोटात मात्र वाजंत्री. मला आता वाटतं, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांवर काय पडदा पडला होता देव जाणे. पण तेव्हा दूध हे खाणं आहे असं कुणाच्या मनातच आलं नाही. दूध म्हणजे औषध! औषध कुणी सोडतं का?

मग भातकापणी आली. त्याच सुमाराला म्हैस आटली. एरवी ती आटली की भाऊजी कल्याणच्या बाजारातून दूध आणायचे, पण या खेपेला विळा त्यांच्या पायावर बसला आणि ते ओटीवर पाय पसरून पडले. दूध बंद. भाऊजी हळहळत होते, "गळा सुकेल गो तुझा." आणि काय आश्चर्य, जाऊबाई टुणटुणीत! पोट सपाट, चेहऱ्यावर तेज. वांगं खाल्लं, काही नाही. वाल खाल्ले, काही नाही. तांब्या घेऊन धावणं बंद. सगळ्या गावानं एका तोंडानं निवाडा केला की चोर बोंबील. देवीला आधीच ठाऊक होतं, म्हणून तर ती कौल देत नव्हती! देवळात नारळांचा ढीग पडला. जाऊबाई रोज शेजारच्या बोंबलांचा वास घेऊन डोळे पुसायची, पण नामा पाटलाला निरोप गेला, "येते. शेवटपर्यंत बसते."

मार्गशीर्षात म्हैस व्याली. मी गूळ-वेलची घालून खरवस केला. जाऊबाईनं दोन वड्या खाल्ल्या, थोडं गुरगुरलं. तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. चार दिवसांनी भाऊजी लंगडत लंगडत तांब्या घेऊन आले. इतक्या दिवसांनी दूध! त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. जाऊबाई घटाघटा प्यायली. मी चुलीशी होते. दिवेलागणीच्या आत बघते तर जाऊबाई पोट धरून बांधाकडं पळतेय.

माझ्या हातातलं उलथणं हातातच राहिलं. बोंबील घरात नाहीत. वाल नाहीत. मग पोटात गेलं काय? मी म्हशीकडं बघितलं. म्हैस रवंथ करत माझ्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाऊबाईला गाठून सांगितलं. ती आधी खवळली, "दूध? काहीतरीच काय बोलतेस!" मग हातातली कळशी खाली ठेवली. मग म्हणाली, "हौसा, हे त्यांच्या कानावर जाता कामा नये. माणूस उन्हातून चालत येतो गो माझ्यासाठी. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यासाठी काय केलं तर ते एवढंच, आणि तेच मना बाधतंय असं कोणत्या तोंडानं सांगू?"

मग आम्ही दोघींनी चोरी सुरू केली. भाऊजी दूध आणायचे, जाऊबाई तांब्या घेऊन परसात जायची आणि सगळं दूध माडाच्या बुंध्यात. पोट शांत. आता खात्रीच झाली. पण नामा पाटलाच्या मांडवात माड कुठून आणायचा? तिथं शेकडो डोळ्यांसमोर ते तांब्या पुढं करणार. प्यायली तर धवला तुटणार, नाही प्यायली तर त्यांचं मन. माझा तर जीव टांगणीला लागला.

लग्नाचा दिवस उजाडला. आम्ही होडीनं पलीकडं गेलो. मांडव गच्च भरलेला. मंजुळा मुद्दाम पुढच्या रांगेत, पाटाकडं डोळे लावून. जाऊबाईनं चौक काढला. आणि मांडवाच्या कडेला भाऊजी आलेच, लंगडत, तांब्या घेऊन. बायकांनी कोपरं मारली. मी डोळे मिटून घेतले.

जाऊबाई उठून उभी राहिली. म्हणाली, "बायांनो, ऐका. आज सकाळी निघताना मी गावदेवीसमोर दूध सोडलं. माझ्या मालकांना उदंड आयुष्य मिळावं म्हणून. देवीला आवडीची वस्तू द्यायची असते. मना दुधाहून आवडीचं दुसरं काय?"

मांडवात एकदम "गो बाय, गो बाय" झालं. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. नामाच्या बायकोनं तिथल्या तिथं तिची ओटी भरली. भाऊजी तांब्या हातात धरून तसेच उभे. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला कळेना. मग नामाची बायको म्हणाली, "एवढ्या मानाचं दूध वाया कशाला? मंजुळाबाय, तू घे." मंजुळा केवढी फुगली! तो तांब्या म्हणजे तिला गादीच मिळाली. तिनं एका दमात सगळा रिकामा केला.

जाऊबाईनं धवला धरला. काय गायली त्या दिवशी! एकेक देव जणू चालत आला. ऐकण्याच्या नादात मला ओळ झेलता येईना. आणि धवला निम्म्यावर आला तोच मागून खळबळ झाली. बघते तर मंजुळा पदर खोचून, बायकांच्या मांड्या तुडवत, रिकामा तांब्या घेऊन बांधाकडं! मला हसू आवरेना. जाऊबाईनं मान वळवली नाही. शेवटची ओळ म्हटली, अक्षता टाकल्या आणि मगच उठली. नामा पाटील वाकून तिच्या पाया पडला.

होडीतून परतताना ऊन उतरलं होतं. भाऊजी पुढं, जाऊबाई मध्ये, मी मागं डोक्यावर पदर घेऊन. मग भाऊजी पाण्याकडं बघत म्हणाले, "देवीला आवडीची वस्तू सोडतात म्हणालीस. दूध तुना कधी आवडत होतं गो?"

जाऊबाई दचकली.

"पहिल्या दिवशी नाक दाबून प्यायलीस. मी बघितलं होतं. आणि गेला महिनाभर माडाखाली मुंग्यांची रांग लागलीय, तीही बघतोय."

"मग तुम्हाला ठाऊक होतं तर आणायचात कशाला?" जाऊबाई रडकुंडीला आली. "मी तुम्ही आणता म्हणून पीत होते. पोट फाटेस्तोवर प्यायले!"

भाऊजींनी लंगडा पाय जरा सरळ केला. मग म्हणाले, "मांडवात धवल्याच्या वेळी सगळ्या बायका. त्यांच्यात गडी रिकाम्या हातानं कसा उभा राहील? तांब्या होता म्हणून मना कुणी हटकलं नाय. तुझं गाणं ऐकायला मिळायचं."

जाऊबाईनं तोंडाला पदर लावला. मी तर मागं बसून ढसाढसा रडले आणि रागही आला. एवढंच होतं तर आधी बोलायला तुमच्या दोघांच्या तोंडात काय मीठ भरलं होतं? माझे वाल, माझी सुकट, माझे बोंबील, सगळं त्यापायी गेलं ना! पण दिरापुढं बोलायची सोय नव्हती, म्हणून गिळलं.

बोंबील परत आले म्हणा. पुन्हा कौल लावला, उजवी कळी पहिल्या झटक्यात पडली. ती चिकटवताना मी जरा कमीच ओली केली होती. देवीनं काही मनावर घेतलं नाही.

आणि भाऊजी? पुढच्या लग्नाला ते उन्हातून चालत आलेच, तोच पितळी तांब्या घेऊन. बायकांनी विचारलं, "दूध सोडलंय ना हिनं?" भाऊजींनी नुसतं झाकण काढून दाखवलं. आत तांदळाची पेज होती, वरून मीठ घातलेली. जाऊबाई प्यायली, त्यांच्याकडं बघून हसली आणि गायला बसली. पाचही गावांत बोलबाला झाला की दामाजी बायकोसाठी काय सुरेख पेज करतो. पेज मी करत होते. पहाटे उठून.